दोन गुणांमधले शब्द

टेनिस हा खेळाडूला नियमानेच एकटं पाडणारा खेळ आहे. क्रिकेटमध्ये फलंदाजाला दुसऱ्या टोकाला जोडीदार असतो, मुष्टियोद्ध्याला प्रत्येक फेरीनंतर कोपऱ्यात प्रशिक्षक भेटतो. एकेरी खेळणाऱ्या टेनिसपटूला मात्र डेव्हिस करंडकासारख्या सांघिक स्पर्धा सोडल्या, तर पिढ्यानपिढ्या सामना चालू असताना कोणाशी दोन शब्द बोलायची मुभा नव्हती. त्यातून या खेळात चेंडू हलत नसलेला वेळ हलणाऱ्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त. एक गुण संपतो, दुसरा सुरू व्हायला वीस-पंचवीस सेकंद असतात, आणि बाजू बदलताना दीड मिनिट. या रिकाम्या वेळात माणूस स्वतःशी बोलणारच. काय बोलावं, याचं शास्त्र आणि त्याचबरोबर एक बाजारही गेल्या पन्नास वर्षांत उभा राहिला. ‘मंत्र’ आणि ‘सकारात्मक विधानं’ हे शब्द तिथे सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. माझं म्हणणं असं, की टेनिसच्या इतिहासात या दोन वेगळ्या परंपरा आहेत, त्यांचे उगम वेगळे आहेत, आणि एकीच्या यशाचं श्रेय दुसरी घेत आली आहे.

पहिली परंपरा फ्रान्सची. त्र्वा शहरात जन्मलेले एमिल कुए (१८५७–१९२६) हे व्यवसायाने औषधविक्रेते. औषधाबरोबर त्याच्या गुणाची दोन वाक्यं सांगितली, की गिऱ्हाइकाला उतार लवकर पडतो, असं त्यांच्या लक्षात आलं. नान्सी गावातल्या संमोहनाच्या अभ्यासकांकडून त्यांनी सूचनेचं तंत्र घेतलं आणि पुढे ते रुग्णाच्याच तोंडी दिलं: दररोज, सर्व बाजूंनी आपण अधिकाधिक बरे होत आहोत, अशा अर्थाचं एक वाक्य सकाळी उठताना आणि रात्री झोपताना वीस वेळा पुटपुटायचं. मोजणी चुकू नये म्हणून वीस गाठी मारलेली दोरी. पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोप-अमेरिकेत ही पद्धत वाऱ्यासारखी पसरली. आपल्याकडच्या वाचकाला त्या दोरीत जपमाळ दिसेल, पण साम्य तिथेच संपतं. कुए यांच्या वाक्याचा विषय ‘मी’ आहे. मी कसा आहे, मी कसा होणार, याचं ते विधान आहे. जपात जपणारा स्वतःबद्दल काहीच सांगत नसतो. तो मनाला उभं राहायला एक जागा देतो. टेनिसमध्ये हा फरक निर्णायक ठरतो.

दुसरी परंपरा थेट भारतातून गेली. हार्वर्डच्या टेनिस संघाचे कर्णधार राहिलेले टिमोथी गॅलवे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गुरू महाराजजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रेम रावत यांच्याकडे ध्यान शिकले. १९७४ साली त्यांचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक आलं. खेळाडूच्या आत दोघं असतात, असं ते मांडतात: एक हुकूम सोडणारा आणि निकाल देणारा, दुसरा प्रत्यक्ष खेळणारा. पहिल्याची बडबड थांबली, की दुसरा आपलं काम नीट करतो. त्यासाठी गॅलवे यांनी दिलेला सराव इतका साधा आहे, की पहिल्यांदा वाचताना हसू यावं. चेंडू टप्पा घेतो त्या क्षणी ‘टप्पा’ म्हणायचं आणि रॅकेटला लागतो त्या क्षणी ‘फटका’. बस्स. त्यात आत्मविश्वासाची भाषा नाही, विजयाची नाही, ‘मी’ तर नाहीच. शब्द चेंडूच्या क्षणाशी जुळवायचा असल्यामुळे डोळे चेंडूवर राहतात आणि निकाल देणाऱ्याला बोलायला फुरसत मिळत नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे याच पुस्तकात गॅलवे सकारात्मक विचारालाही विरोध करतात. ‘छान मारलास’ हाही निवाडाच आहे, आणि निवाडा सुरू झाला, की पुढचा फटका आधीच्याशी तोलला जाणार, असं त्यांचं म्हणणं. मनोबलाच्या शिबिरांत आज त्यांचं नाव सकारात्मक विधानांच्या पाठिंब्यासाठी घेतलं जातं, हे मला त्यांच्यावर अन्याय करणारं वाटतं.

पुस्तक आल्याच्या पुढच्याच वर्षी दोन गोष्टी जुळून आल्या. विम्बल्डनने बाजू बदलताना बसण्यासाठी खेळाडूंना पहिल्यांदाच खुर्च्या दिल्या. आणि ५ जुलै १९७५ रोजी पुरुष एकेरीच्या अंतिम लढतीत त्यातल्या एका खुर्चीवर आर्थर अ‍ॅश डोळे मिटून बसलेले जगाने पाहिले. समोर गतविजेते जिमी कॉनर्स होते, वय २२, स्पर्धेत तोवर एकही सेट न गमावलेले. अ‍ॅश बत्तिशीला टेकलेले, आणि त्यांच्या विजयाची आशा फारच थोड्यांना होती. त्यांनी पहिले दोन सेट ६-१, ६-१ असे घेतले, तिसरा ५-७ गमावला, चौथ्यात ते ०-३ मागे पडले आणि तरीही तो सेट त्यांनी ६-४ असा जिंकला. इथे पुरावा जपून वाचला पाहिजे. अ‍ॅश जिंकले ते डोळे मिटल्यामुळे नव्हे. कॉनर्सना वेगवान चेंडू आवडत, म्हणून त्यांना मुद्दाम संथ चेंडू द्यायचे, सर्व्हिस बाहेरच्या बाजूला वळवायची, पुढे आले की डोक्यावरून लॉब टाकायचा, ही योजना जिंकली. पण जोरात मारण्याची सवय असलेल्या खेळाडूला संथ खेळण्याचा निर्धार चौथ्या सेटमध्ये मागे पडल्यावरही टिकवावा लागतो, आणि मोह होतो तो नेमका तिथेच. दर दोन गेमनंतरची ती शांतता योजनेची राखण करत होती. मनाची शिस्त टेनिसमध्ये करते ते एवढंच, आणि ते थोडं नाही.

१९८०च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जिम लोहर यांनी या रिकाम्या वेळेचीच चिकित्सा केली. नामांकित खेळाडूंची चित्रणं पाहताना त्यांना दिसलं, की फटक्यांपेक्षा दोन गुणांमधल्या वागण्यात जास्त फरक आहे. त्यांनी त्या सेकंदांचे चार टप्पे पाडले: गेलेल्या गुणाला सावरलेला शारीरिक प्रतिसाद, मग सैलपणा, मग पुढच्या गुणाची तयारी, आणि शेवटी चेंडू टप्पे देण्यासारखा ठरलेला विधी.

आता संशोधनाकडे. १९९४ साली ज्युडी व्हॅन राल्टी आणि सहकाऱ्यांनी २४ कुमार टेनिसपटूंचं सामन्यातलं स्वगत नोंदवलं. स्वतःला दूषणं देण्याचा संबंध हरण्याशी आढळला. स्वतःला शाबासकी देण्याचा मात्र जिंकण्याशी संबंध दिसला नाही. त्याच अभ्यासात, स्वगताचा उपयोग होतो असं मानणाऱ्या मुलांनी तसं न मानणाऱ्यांपेक्षा जास्त गुण मिळवले होते. त्यातून कारण सिद्ध होत नाही, पण ते लपवूनही चालणार नाही. १९९९ साली लँडिन आणि हेबर्ट यांनी पाच निष्णात महिला खेळाडूंना व्हॉलीसाठी फक्त दोन शब्द दिले, एक पाय फाकवून स्थिरावण्याचा आणि एक खांदा वळवण्याचा. त्यांची व्हॉली सुधारली. २०११ मध्ये ३२ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या ग्रीक संशोधकांना स्वगताचा मध्यम पण स्पष्ट लाभ दिसला, आणि नाजूक अचूकतेच्या कामात हुरूप देणाऱ्या शब्दांपेक्षा कृती सांगणारे शब्द जास्त उपयोगी ठरले. चौथा अभ्यास मैदानाबाहेरचा आहे. २००९ मध्ये जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्यांचा स्वतःबद्दलचा आदर मुळातच कमी आहे, त्यांना स्वतःविषयीची गोड वाक्यं म्हणायला लावली तर त्यांना आधीपेक्षा वाईट वाटतं. ओठ एक सांगतात आणि आतून त्याचं खंडन होत राहतं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप सेरेना विल्यम्सचा. बाजू बदलताना टिपणं वाचणारी, स्वतःला धीर देणारी ही खेळाडू २३ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं जिंकते, आणि सरावाच्या कोर्टभोवती वडिलांनी लावलेल्या, धीर देणाऱ्या फलकांच्या सावलीत ती वाढलेली असते. मग विधानं कुचकामी कशी? मी त्यांना कुचकामी म्हणत नाही. वुड यांच्याच अभ्यासात मुळात आत्मविश्वास असलेल्यांना त्या वाक्यांचा थोडासा फायदा झाला होता. सेरेनासाठी ते वाक्य रोजच्या अनुभवाची नोंद असतं. पहिल्याच फेरीत गारद होणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला तेच वाक्य घोकायला लावलं, तर ती प्रत्येक चुकीगणिक खोटी पडते. शिवाय हरलेल्यांनीही मंत्र म्हटलेले असतातच. त्यांची आत्मचरित्रं छापली जात नाहीत.

दुसरा आक्षेप नोव्हाक जोकोविचचा. १४ जुलै २०१९ रोजी विम्बल्डनच्या अंतिम लढतीत पाचव्या सेटमध्ये ७-८ असताना रॉजर फेडररच्या सर्व्हिसवर त्याने दोन विजयगुण वाचवले आणि ४ तास ५७ मिनिटांनी सामना जिंकला. प्रेक्षक ‘रॉजर’ ओरडत तेव्हा आपण ‘नोव्हाक’ ऐकत होतो, असं तो नंतर म्हणाला. ही आत्मस्तुती वाटेल. मला त्यात लक्ष लावायची जागा निवडणं दिसतं. एकूण गुण फेडररने जास्त मिळवले होते, २१८ विरुद्ध २०४. तीनही टायब्रेक मात्र जोकोविचचे. सर्वत्र वरचढ असण्याची त्याला गरज नव्हती, नेमक्या क्षणी विचलित न होण्याची होती.

विम्बल्डनच्या सेंटर कोर्टकडे जाणाऱ्या दारावर रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘इफ’ या कवितेतल्या ओळी आहेत, यश आणि अपयश या दोन्ही भोंदूंना सारखंच वागवण्याविषयीच्या. किपलिंग मुंबईचे, जन्म १८६५ सालचा. त्या ओळींतही ‘तू जिंकशील’ असं आश्वासन नाही. गीतेतला स्थितप्रज्ञ ओळखीचा असलेल्या मराठी वाचकाला त्यांचा सूर परका वाटणार नाही.

१ जानेवारी २०२५पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांनी गॅलरीतून प्रशिक्षकाला बोलायची परवानगी दिली आहे. ज्या एकटेपणामुळे स्वगताची गरज पडली, त्यालाच आता खिंडार पडलं आहे. पुण्या-मुंबईच्या कोर्टांवर मुलं घडवणाऱ्या प्रशिक्षकांनी आणि बाकांवर बसणाऱ्या आईवडिलांनी या सवलतीचा उपयोग ‘तूच जिंकणार’ असं ओरडण्यासाठी करू नये. पुढच्या चेंडूला पाय कुठे ठेवायचा ते मुलाला एका शब्दात सांगावं, आणि तो शब्द शक्यतो त्यालाच निवडू द्यावा.