डिस्कोच्या ठेक्यावर मालकंस

परवा पालीला घरी गेलो होतो. रात्री धो धो पाऊस, वीज गेलेली. कानाला हेडफोन लावून 'मेघ मल्हार' ऐकत पडलो. तानपुरा नाही, तबला नाही; नुसता सिंथेसायझर आणि ड्रम मशीन! हे 1982 सालचं काम आहे म्हटलं तर कुणाला खरं वाटत नाही.

वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्याकडे वाजवलेले वादक. शिवाय लग्नासमारंभांसाठी स्वतःचा ऑर्केस्ट्रा. रोलँडची नवी यंत्रं घेतली आणि त्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली... चालली नाही.

त्यातलं टीबी-303 हे यंत्र खरं तर एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. म्हणजे आपली मींडच की! पुढे 1987 मध्ये शिकागोच्या पोरांनी याच यंत्रातून अ‍ॅसिड हाऊस नावाचं नाचाचं संगीत काढलं. 2010 मध्ये नेदरलँड्समधून सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली, आणि ते एकदम 'अ‍ॅसिड हाऊसचे जनक' झाले. मला हे बिरुद पटत नाही. त्यांना मालकंस वाजवायचा होता, शिकागो नव्हे. असो. त्यामुळे सत्तरीनंतर त्यांचे युरोपात कार्यक्रम तरी झाले. जुलै 2015 मध्ये ते गेले.

सकाळी शेजारच्या बेंजो पार्टीतल्या पोराला 'मालकंस' ऐकवला. डोळे मिटून ऐकला त्याने.

"दादा, ह्याच्यावर आपला ढोल बसंल."