गोपाचलाच्या कातळावरील श्रावक

ग्वाल्हेर म्हटले की आपणा मराठी माणसांस प्रथम शिंदे सरकार आठवते. परंतु सुमारे तीनशे फूट उंचीच्या या डोंगराचे, म्हणजेच गोपाचलाचे, कडे त्याआधीचा एक इतिहास सांगतात.

पंधराव्या शतकात तोमर राजे डुंगरसिंह व कीर्तिसिंह यांच्या कारकीर्दीत तटाखालच्या कातळात तीर्थंकरांच्या विशाल मूर्ती कोरल्या गेल्या. उरवाही भागातील सर्वांत उंच मूर्ती ५७ फुटांची आहे. राजे स्वतः जैन नव्हते. शिलालेखांत राजाच्या नावासोबत भट्टारकांची आणि प्रतिष्ठा करविणाऱ्या श्रावकांची नावे येतात. मी व्यापारी, त्यामुळे माझे लक्ष त्या नावांवरच अधिक खिळले, हे कबूल करतो.

१५२८ मध्ये बाबराने हा किल्ला पाहिला. उरवाहीची जागा त्यास बरी वाटली, पण दिगंबर मूर्ती हा तिचा दोष मानून त्या नष्ट करण्याची आज्ञा आपण दिली, असे त्यानेच आत्मचरित्रात नमूद केले आहे. मुखे फोडली गेली. डोंगराचेच अंग असलेल्या मूर्ती मात्र उभ्या राहिल्या. पुढे स्थानिक जैनांनी अनेक मुखे चुन्याच्या गिलाव्याने पुन्हा घडविली. त्या कारागिरांची नावे आपणास ठाऊक नाहीत.