अठ्ठावन्न सेकंद आणि एक हंगाम

नोव्हेंबर २०२२. गोव्याहून परत आलो आणि दार उघडल्या उघडल्या अण्णांनी विचारलं, "काय रे, कितवा आलास?"

मी म्हटलं, "वारा फार होता, अण्णा."

प्रश्न काय आणि उत्तर काय! पण अण्णांनी पुढे काही विचारलं नाही, आणि मीही आंघोळीला पळालो.

झालं होतं असं. गोव्याला अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन असते. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं. मी पोहून बाहेर आलो, सायकलही चालवली, पण सायकल संपवण्याची मुदत सात मिनिटांनी हुकली. एका स्वयंसेवक मुलीने "सॉरी सर" म्हणत माझ्या घोट्यावरची चिप सोडवून घेतली. संपलं. धावायचे बूट पिशवीतच राहिले. ऑफिसात मी "मस्त झालं" एवढंच सांगितलं. खोटं नाही बोललो, पण खरंही नाही.

त्यानंतर बरेच दिवस सायकलकडे बघवत नव्हतं. करायचं काय, तर वाचत सुटलो. वाचता वाचता एका माणसाच्या एका हंगामापाशी येऊन थांबलो, तो काही मनातून जाईना. माणूस मार्क ॲलन, आणि हंगाम १९८९ चा.

आधी थोडी पार्श्वभूमी. हवाई बेटांवरची 'आयर्नमॅन' ही शर्यत पहिल्यांदा झाली १९७८ च्या फेब्रुवारीत, ओआहू बेटावर. अमेरिकी नौदलातला जॉन कॉलिन्स नावाचा अधिकारी आणि त्याची बायको यांच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना. जलतरणपटू श्रेष्ठ, सायकलवाला श्रेष्ठ की धावपटू, या गप्पांतून बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकापुढे एक जोडल्या: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. पहिल्या वर्षी उतरले १५ जण, पोचले १२. पुढे १९८१ मध्ये शर्यत मोठ्या बेटावर, कोना या गावी गेली. तिथला रस्ता काळ्या लाव्हाच्या पठारांमधून जातो. सावली नाही, आडवा वारा, आणि दुपारी डांबरातून वर येणारी धग.

फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युली मॉस नावाची एक विद्यार्थिनी इथे बायकांत सर्वांत पुढे होती आणि शेवटच्या काही यार्डांत कोसळली. दुसरी मुलगी पुढे निघून गेली. मॉस रांगत रांगत रेषेपर्यंत पोचली. हे अमेरिकेत टीव्हीवर दाखवलं गेलं आणि सॅन डिएगोकडे समुद्रावर जीवरक्षकाचं काम करणाऱ्या २४ वर्षांच्या एका माजी जलतरणपटूने ते पाहिलं. तो मार्क ॲलन. त्याच वर्षी ऑक्टोबरात (त्या वर्षी शर्यत दोनदा झाली) तो स्वतःच कोनाला हजर!

आणि इथून सुरू होते पराभवांची यादी. ती मी मुद्दाम वहीत लिहून काढली होती, तशीच देतो.

१९८२: सायकलचा गिअर बदलणारा भाग मोडला, शर्यत अर्धवट. १९८३: तिसरा. १९८४: सायकल संपली तेव्हा तब्बल बारा मिनिटं पुढे. मग मॅरेथॉनमध्ये पाय गेले, चालावं लागलं, पाचवा. १९८६: दुसरा. १९८७: धावताना बराच वेळ पुढे, मग शरीराने दगा दिला. पोटात रक्तस्राव, दुसरा, आणि तिथून थेट इस्पितळात. १९८८: चाकं पंक्चर, पाचवा.

सहा वेळा गेला, सहा वेळा हरला. आणि यांपैकी पाच वेळा जिंकला तो एकच माणूस, डेव्ह स्कॉट. १९८० सालचं धरून त्याची सहा विजेतेपदं होती. कोना म्हणजे त्याच्या घरचं अंगण.

बरं, ॲलन काही ऐरागैरा नव्हता. फ्रान्समधल्या नीस शहरातली लांब पल्ल्याची शर्यत त्याने १९८२ पासून ओळीने पाच वर्षं जिंकली होती. व्यावसायिक ट्रायथलॉनपटूचं पोट अशा शर्यतींवर आणि प्रायोजकांवर चालायचं. कोनाला तर १९८६ पर्यंत बक्षिसाची रक्कमच नव्हती. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर नीस जिंकत राहावं आणि कोनाचा नाद सोडावा. १९८८ नंतर तसं त्याच्या मनात आलंही होतं. पुढे त्यानेच अनेकदा हे सांगितलं आहे.

तो टिकला कसा, याचं एक कारण मला फार आवडलं. सुरुवातीच्या वर्षांत तो रोज जीव तोडून धावायचा आणि मग दुखापती, थकवा. फिल मॅफेटोन नावाच्या मार्गदर्शकाने त्याला सांगितलं की छातीला नाडी मोजणारा पट्टा बांध आणि ठोके मिनिटाला १५५ च्या वर जाऊ देऊ नकोस. ऐकायला सोपं. पण त्यासाठी त्याला इतकं हळू धावावं लागलं की मैलाला सव्वाआठ मिनिटं लागायला लागली. एरवी तो साडेपाच मिनिटांत मैल धावणारा! बरोबरचे लोक पुढे निघून जायचे. पण महिन्यांमागून महिने त्याने तसंच केलं आणि साधारण वर्षभराने त्याच १५५ ठोक्यांत तो पाच मिनिटं वीस सेकंदांनी मैल धावू लागला. शरीराला चरबी जाळून चालायची सवय लागली, साखरेचा साठा शेवटापर्यंत पुरायला लागला. यात चमत्कार काही नाही. मानाचा भाग बाजूला ठेवून हळू जाण्याची तयारी मात्र लागते.

मग आलं १९८९. त्या वर्षी १ एप्रिलला आविन्यों या फ्रेंच शहरात आंतरराष्ट्रीय ट्रायथलॉन संघटना स्थापन झाली आणि ऑगस्टमध्ये तिथेच पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. अंतर छोटं: दीड किलोमीटर, चाळीस आणि दहा. ॲलन जिंकला, एक मिनिटाहून जास्त फरकाने. नीसही जिंकला. १९८८ ते १९९० या काळात त्याने सलग वीस शर्यती जिंकल्या, त्यात हे वर्ष येतं. दोन तासांच्या शर्यतीपासून आठ तासांच्या शर्यतीपर्यंत सगळीकडे पहिला. असा हंगाम या खेळात क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल.

पण थांबा. स्कॉटचाही हंगाम बघायला हवा. तो तेव्हा ३५ वर्षांचा. आदल्या वर्षी गुडघ्यामुळे ऐन वेळी कोनातून माघार घेतलेला. लोक म्हणत होते, संपला. आणि त्याच माणसाने १९८९ च्या उन्हाळ्यात जपानमधली आयर्नमॅन ८ तास १ मिनिट ३२ सेकंदांत जिंकली. त्या अंतरावरची तोवरची ही जगातली सर्वांत जलद वेळ.

१४ ऑक्टोबर १९८९. ॲलनने ठरवलं होतं की या वेळी पुढे पळायचं नाही, मागे राहायचं नाही, स्कॉटला चिकटून राहायचं. दोघं बरोबर पाण्याबाहेर आले. दोघं बरोबर सायकलवरून उतरले. आणि मग मॅरेथॉन, खांद्याला खांदा. मैलामागून मैल, जेमतेम हातभर अंतर. अर्ध्या वाटेवर ॲलन आतून ढासळायला लागला. तेव्हा त्याला आठवला एका मासिकातल्या जाहिरातीत पाहिलेला एका म्हाताऱ्याचा चेहरा. मेक्सिकोतल्या हुईचोल जमातीचा वैदू, वय म्हणे ११० वर्षं. त्या चेहऱ्यावरची शांतता आठवली आणि आपण इथे, या माणसाशेजारी धावतो आहोत हेच पुष्कळ आहे, असं त्याला वाटलं म्हणे. मी अशा गोष्टींवर पटकन विश्वास ठेवत नाही. पण गोव्यात साठाव्या किलोमीटरला मला काय काय आठवलं होतं ते आठवून मी गप्प बसलो. :)

शेवटचे साधारण तीन किलोमीटर उरले. गावात शिरण्याआधीचा शेवटचा चढ. उतारावर स्कॉट भारी पडतो हे ॲलनला ठाऊक होतं, म्हणून जे करायचं ते चढावरच. तो सुटला. स्कॉटला जमलं नाही. आठ तासांच्या शर्यतीत दोघांमध्ये फरक पडला ५८ सेकंदांचा.

ॲलनने मॅरेथॉन धावली ती २ तास ४० मिनिटांत. पोहून आणि सायकल चालवून झाल्यावर! कोनातली ही मॅरेथॉनची वेळ मागे टाकायला जगाला २७ वर्षं लागली, थेट २०१६ साल उजाडलं.

मी मात्र दुसऱ्याच एका आकड्यापाशी अडकलो. त्या दिवसापर्यंत कोनाचा विक्रम होता ८ तास २८ मिनिटं ३७ सेकंद, स्कॉटचा स्वतःचाच, १९८६ चा. १९८९ च्या त्या दिवशी स्कॉटने तो १८ मिनिटांनी मोडला. आणि तो दुसरा आला! तिसरा आलेला ग्रेग वेल्च त्याच्यामागे वीस मिनिटांहून जास्त होता. आयुष्यातला सर्वांत चांगला हंगाम, कोनातला आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस, आणि यादीत नावापुढे २.

"कितवा आलास?" या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते २ बरोबरच आहे. त्यात अन्याय काही नाही. पण त्या आकड्यात तो हंगाम मावत नाही. स्कॉटलाही बहुधा ते कळलं असावं, कारण तो परत आला. १९९४ मध्ये, चाळिशीत, पुन्हा दुसरा. १९९६ मध्ये, ४२ व्या वर्षी, पाचवा. सातवं विजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही. ॲलनने पुढे सलग पाच आणि मग १९९५ मध्ये ३७ व्या वर्षी सहावं मिळवलं, तेही सायकलअखेर तेरा मिनिटांहून जास्त मागे असताना.

आता माझी वही.

ॲलनच्या पराभवांची यादी लिहिताना माझ्या लक्षात आलं की त्यातला एकही दुसऱ्यासारखा नाही. गिअर, पाय, पोट, चाक. दर वेळी काय झालं ते त्याने नीट पाहिलं असणार, त्याशिवाय सातव्या वेळी 'काहीच न करता शेजारी राहायचं' असा बेत सुचत नाही. मी काय पाहिलं होतं? वारा. म्हणून एका रविवारी मी माझी सरावाची वही काढली. गोव्याआधीच्या चार महिन्यांत लांब सायकलफेऱ्या ठरवल्या होत्या चौदा. केल्या होत्या पाच. ऑगस्टचं पान जवळजवळ कोरं. "पाऊस" असं लिहून तीन रविवार काट मारलेली. गोव्यात वारा होता हे खरं, पण माझ्याबरोबरच्या शेकडो लोकांनाही तोच वारा होता.

सात मिनिटं गोव्यात हुकलीच नव्हती. ती ऑगस्टमध्ये, पुण्यात, पांघरुणात हुकली होती.

हे कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं. उलट बरं वाटलं. वाऱ्याचं काय करणार? ऑगस्टचं काहीतरी करता येईल.

त्या संध्याकाळी चहा घेताना अण्णांना सांगून टाकलं. म्हटलं, "अण्णा, गोव्याला माझी शर्यत पुरी झालीच नव्हती. सायकलवरच बाद झालो. आणि ते वाऱ्याचं काही खरं नव्हतं."

अण्णांनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, "माहीत आहे मला. तुझे बूट कोरे होते."

असो. उद्या रविवार आहे. पाऊस आहे. गजर साडेचारचा लावलाय.