बळाची गोळी

अमेरिकेच्या पेनसिल्व्हानिया संस्थानांत यॉर्क नांवाचें एक शहर आहे. १९६० च्या सुमारास वजनें उचलणाऱ्या मंडळींत या शहराचें जें माहात्म्य होतें, तें महाराष्ट्रांत कुस्तीच्या संबंधांत कोल्हापूरचें आहे असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. लोखंडी वजनें तयार करणारा एक कारखाना, त्याच्या आश्रयानें चालणारी एक व्यायामशाळा, आणि दोहोंचा धनी बॉब हॉफमन. हा गृहस्थ स्वतःचें मासिक काढी, ऑलिंपिक संघाचा वस्ताद म्हणून मिरवी, आणि त्याच मासिकांतून वजनांबरोबर प्रथिनांची भुकटीही विकी. देशांतील उत्तमोत्तम वजनपटू त्याच्या पदरीं असत.

या व्यायामशाळेंत जॉन झीग्लर नांवाचा एक धिप्पाड डॉक्टर येत असे. मेरीलंडमधील ओल्नी या गांवीं त्याचा दवाखाना होता. दुसऱ्या महायुद्धांत पॅसिफिकमध्यें लढतांना तो जबर जखमी झाला होता, आणि पुढें व्यायामाच्याच जोरावर त्यानें आपलें शरीर पुन्हां उभें केलें होतें. १९५४ सालीं व्हिएन्ना येथें वजन उचलण्याच्या जागतिक स्पर्धा झाल्या, तेव्हां तो अमेरिकन संघाबरोबर गेला. सोव्हिएट संघ तेथें अमेरिकनांच्या पुढें निघून गेला. त्यांच्या एका डॉक्टराशीं बोलतां बोलतां, आपल्या पैलवानांना पौरुषग्रंथींचा स्राव टोंचून देण्यांत येतो हें रहस्य आपणांस कळलें, असें झीग्लर पुढें सांगत असे. ही हकीकत बहुतांशीं त्याच्या एकट्याच्याच शब्दावर उभी आहे. परंतु तो परत आला तो एक प्रश्न घेऊन, आणि तो प्रश्न त्यानें यॉर्कच्या तरुणांपुढें ठेवला, यांत शंका नाहीं.

त्या प्रश्नाची पूर्वपीठिका जुनी आहे. १८४९ सालीं गटिंगेन येथें बर्टहोल्ड या शास्त्रज्ञानें खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटांत वृषण पुन्हां बसविले. त्यांचा तुरा वाढला, तीं आरवूं लागलीं, भांडूं लागलीं. रक्तांत मिसळणारें कांहींतरी द्रव्य त्या ग्रंथींतून निघतें, हें त्यावरून दिसलें. चाळीस वर्षांनीं, १ जून १८८९ रोजीं, पॅरिस येथील शास्त्रज्ञांच्या सभेंत ब्राउन-सेकार हा बहात्तर वर्षांचा विख्यात वैद्य उभा राहिला. कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोंचून घेतला, आणि गेलेली ताकद परत आली, असें त्यानें जाहीर केलें. सभासद चकित झाले. कित्येक मनांतल्या मनांत हसलेही असतील. त्याच वर्षीं पिट्सबर्गच्या गॅल्व्हिन नांवाच्या बेसबॉल खेळाडूनें असला अर्क घेऊन पाहिला, अशी बातमी वर्तमानपत्रांत आली. आतां अशा पाणचट अर्कांत खऱ्या द्रव्याचा अंश नगण्य असतो हें सिद्ध झालें आहे. म्हातारबोवांना आलेली ताकद श्रद्धेची होती. पण इच्छा जागी झाली होती, आणि इच्छेला एकदां वाट दिसली कीं ती औषधाची वाट पाहत बसत नाहीं.

खरें द्रव्य १९३५ सालीं हातीं आलें. आम्स्टरडॅम येथें लाकर व त्यांचे सहकारी यांनीं बैलांच्या वृषणांतून तें स्फटिकरूपानें वेगळें केलें व त्याला टेस्टॉस्टेरॉन हें नांव दिलें. त्याच वर्षीं बुटेनान्ट आणि रुझिका या दोघांनीं स्वतंत्रपणें तें कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेंत तयार केलें. १९३९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक या दोघांत विभागलें गेलें. बुटेनान्टला मात्र नाझी सरकारनें तें स्वीकारूं दिलें नाहीं. त्याच सुमारास या द्रव्यामुळें शरीरांत नायट्रोजन सांठून राहतो, म्हणजेच मांस वाढतें, हेंही प्राण्यांवरील प्रयोगांत आढळलें.

अडचण होती ती एवढीच कीं, हें द्रव्य पोटांत घेतलें तर यकृत त्याचा बव्हंशीं नाश करतें. सीबा या स्विस कंपनीच्या रसायनज्ञांनीं रेणूच्या एका टोंकाला मिथिल नांवाचा एक छोटासा गट जोडून ही अडचण दूर केली. यकृताला तो रेणू सहज मोडतां येईना. त्याच कारणानें यकृतावर ताणही अधिक पडूं लागला, हा त्या युक्तीचाच दुसरा पैलू. हें औषध १९५८ सालीं अमेरिकेंत डायनाबॉल या नांवानें बाजारांत आलें. तें होतें भाजलेल्या, खंगलेल्या, दीर्घ दुखण्यांतून उठलेल्या रोग्यांसाठीं. झीग्लरचा सीबाशीं संबंध होता. त्यानें त्या लहानशा गोळ्या यॉर्कच्या निरोगी तरुणांना दिल्या.

या तरुणांत बिल मार्च होता, लुई रीकी होता. त्यांचीं वजनें झपाट्यानें वाढूं लागलीं. इतक्या थोड्या काळांत इतकी प्रगति कशी झाली, असें जो तो विचारूं लागला. हॉफमनच्या मासिकानें उत्तर दिलें: हा चमत्कार आमच्या नव्या व्यायामपद्धतीचा. या पद्धतींत एका पोलादी चौकटींत अडकवून ठेवलेली दांडी न हलतां कांहीं सेकंद सर्व शक्तीनें रेटावयाची असे. चौकटी विकल्या गेल्या. देशभर हजारों शाळकरी पोरें आपापल्या तळघरांत अचल दांडीशीं झुंजत बसलीं, आणि आपल्या अंगीं मार्चसारखें बळ कां येत नाहीं म्हणून स्वतःलाच दोष देत राहिलीं. मासिकाला गोळीचें नांव ठाऊक होतें, वाचकाला नव्हतें. त्या व्यायामांत गुण मुळींच नव्हता असें नाहीं. पण किंमत चौकटीची घेतली आणि श्रेय लपविलें, हें पाप किरकोळ नव्हे.

झीग्लरची मात्रा अल्प होती: दिवसाला ५ किंवा १० मिलिग्रॅम. त्याची समजूत अशी कीं, डॉक्टर मोजून देईल, पैलवान मोजून घेईल. पैलवानाचें गणित निराळें असतें. एका गोळीनें एवढें, तर चार गोळ्यांनीं केवढें! थोड्याच दिवसांत कित्येक जण त्याच्या पाठीमागें मुठीनें गोळ्या घेऊं लागले; यकृताच्या तक्रारी त्याच्या कानीं आल्या. त्यानें हा उद्योग सोडला आणि पुढें उघडपणें पश्चात्ताप व्यक्त केला. १९८३ सालीं तो हृदयविकारानें वारला.

यापुढें जें घडलें त्याचा दोष पैलवानांवर ढकलतां येत नाहीं. तो वैद्यकाच्या पदरीं पडतो. डॉक्टरांच्या संस्था वर्षानुवर्षें सांगत राहिल्या कीं, असल्या औषधांनीं ताकद वाढते याला पुरावा नाहीं. १९७७ सालीं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेनें हेंच मत अधिकृतपणें मांडलें. व्यायामशाळेंतल्या पोराला आरशांत पुरावा दिसत होता. जो वैद्य डोळ्यांना दिसणारी गोष्ट नाहीं म्हणतो, तो न दिसणाऱ्या हृदयाबद्दल आणि यकृताबद्दल जें सांगेल तें कोण खरें मानणार? दहा वर्षांच्या आंत संस्थेला आपलें मत बदलावें लागलें. १९९६ सालीं शलेंदर भसीन आणि त्यांचे सहकारी यांनीं ४३ निरोगी पुरुषांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. कांहींना आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टॉस्टेरॉन, कांहींना नुसतें तेल. दोहोंपैकीं निम्म्यांना व्यायाम, निम्म्यांना विश्रांति. दहा आठवड्यांनीं औषध व व्यायाम दोन्हीं मिळालेल्यांच्या अंगावर चरबी वगळून सरासरी ६.१ किलो भर पडली होती. नुसतें औषध घेऊन स्वस्थ बसलेल्यांचेही स्नायू वाढले होते. औषध गुणकारी आहे. वाद तेथें नव्हताच.

वाद आहे तो मोबदल्याचा. बाहेरून द्रव्य येऊं लागलें कीं शरीर आपलें स्वतःचें उत्पादन बंद करतें. वृषण लहान होतात, बीज आटतें, आणि औषध थांबविल्यावर महिनोन्‌महिने मनुष्य खिन्न व निर्वीर्य राहूं शकतो. रक्तांतील हितकर कोलेस्टेरॉल घटतें, हृदयाची भिंत जाड होते. वाढत्या वयांतील मुलांत हाडांचीं टोंकें वेळेपूर्वीं सांधतात व उंची कायमची खुंटते. स्त्रियांचा आवाज एकदां घोगरा झाला कीं तो मागें फिरत नाहीं. पुरुषांत, दैवाची थट्टा अशी, कधीं कधीं छातीला स्त्रीसारखी सूज येते.

हें सारें ठाऊक असूनही मनुष्य हो म्हणतो, तें कसें? याचें सर्वांत स्पष्ट उत्तर १९८९ सालीं कॅनडांतील डुबिन चौकशी आयोगापुढें मिळालें. आदल्या वर्षीं २४ सप्टेंबरला सोल येथें बेन जॉन्सन शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावला होता. मूत्रांत स्टॅनोझोलोल सांपडलें आणि तीन दिवसांत पदक गेलें. त्याचा शिक्षक चार्ली फ्रान्सिस यानें शपथेवर कांहींही लपविलें नाहीं. १९८१ सालीं, जॉन्सन एकोणीस वर्षांचा असतां, ही गोष्ट त्यानेंच त्याच्यापुढें मांडली होती. वरच्या पायरीवरचे धावपटू औषध घेतात असा त्याचा ठाम ग्रह होता, आणि त्या पायरीवर औषधाची किंमत साधारण एक मीटर आहे असा त्याचा हिशेब होता. एक मीटर म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. प्रश्न औषध घ्यावें कीं न घ्यावें असा त्याला दिसतच नव्हता; शर्यत बरोबरीच्या रेषेवरून सुरू करावी कीं मीटरभर मागून, असा दिसत होता. हा युक्तिवाद खोटा आहे असें म्हणणें सोपें, पण तो मूर्खपणाचा नाहीं. त्यांतली गोम अशी कीं, प्रत्येक जण दुसऱ्याच्या भीतीनें घेतो, आणि दुसऱ्याला भीति वाटण्याचें कारण तो स्वतःच होतो. सोलच्या त्या शर्यतींतील आणखी अनेकांचीं नांवें पुढें औषधांच्या प्रकरणांत आलीं.

निदान जॉन्सनला कोणीं विचारलें तरी होतें. पूर्व जर्मनींत १९७४ पासून ‘राज्ययोजना विषय १४.२५’ या रुक्ष नांवाखालीं सरकारनेंच हें काम हातीं घेतलें. येना येथील कारखान्यांत तयार होणाऱ्या निळ्या गोळ्या कोंवळ्या वयाच्या मुलींना जीवनसत्त्वें म्हणून दिल्या जात. अशा खेळाडूंची संख्या दहा हजारांच्या घरांत होती. १९८६ सालीं गोळाफेकींत युरोपचें विजेतेपद मिळविणारी हायडी क्रीगर पुढें शस्त्रक्रिया करून आंद्रेआस क्रीगर या नांवानें पुरुष म्हणून जगूं लागली. आपण पुरुष कीं स्त्री हा शोध घेण्याचा आपला हक्कच त्या गोळ्यांनीं हिरावला, अशी क्रीगर यांची तक्रार आहे. २००० सालीं बर्लिनच्या न्यायालयानें या योजनेचे सूत्रधार मान्फ्रेड एवाल्ड यांना २२ महिन्यांची शिक्षा दिली आणि ती तहकूब ठेवली.

आज असलीं औषधें घेणाऱ्यांत स्पर्धेंत उतरणारे थोडे. आरशासाठीं घेणारेच फार. आणि कित्येकांना तर आपण घेत आहों याचीही कल्पना नसते. कोलोन येथील प्रयोगशाळेनें २००० ते २००१ या काळांत तेरा देशांतील ६३४ पूरक खाद्यें तपासलीं. त्यांपैकीं ९४ नमुन्यांत वेष्टनावर उल्लेख नसलेलीं असलीं द्रव्यें निघालीं. हॉफमनची भुकटी निदान निरुपद्रवी तरी होती.

यॉर्कच्या गोळीचें शास्त्रीय नांव मेथॅन्ड्रोस्टेनोलोन. मेथॅन्डिएनोन हें त्याच रसायनाचें दुसरें नांव. २०१६ च्या जूनमध्यें तीन वेळां महाराष्ट्र केसरी झालेले मुंबईचे नरसिंग यादव यांच्या नमुन्यांत हेंच द्रव्य आढळलें. आदल्या वर्षीं त्यांनीं जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळवून रिओ ऑलिंपिकची जागा भारतासाठीं निश्चित केली होती. आपण कांहींही घेतलें नाहीं, शिबिरांत कोणींतरी अन्नपाण्यांत कालविलें, असें त्यांचें म्हणणें होतें. १ ऑगस्टला भारतांतील समितीनें तें मान्य करून त्यांना मोकळें केलें. जागतिक संस्थेनें रिओ येथें बसलेल्या क्रीडा लवादाकडे अपील केलें. या कायद्यांत द्रव्य शरीरांत सांपडणें हाच दोष. तें आपल्या इच्छेवांचून आलें हें सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर. लवादाला तो पुरावा पुरेसा वाटला नाहीं. १८ ऑगस्टच्या रात्रीं चार वर्षांची बंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशीं ७४ किलो गटाच्या कुस्त्या झाल्या. त्यांत भारताचा पैलवान नव्हता.