जात्याच्या खुंट्यावर दोन हात

माझे वडील जेवून उठले की स्वतःचं ताट स्वतः घासत. लग्नाच्या पंगतीतही आपली पत्रावळ आपणच उचलत. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. यजमान धावत यायचे, "गुरुजी, राहू द्या हो!" म्हणायचे. वडील ऐकत नसत. "बोर्डिंगातली सवय आहे," एवढंच सांगत.

हे बोर्डिंग साताऱ्याचं. भाऊराव पाटलांनी 1924 साली काढलेलं. त्याच्या पाच वर्षं आधी, 4 ऑक्टोबर 1919 रोजी, कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली होती. पुढे 1927 साली गांधीजी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. नाव कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं, आणि ते योग्यच होतं. बहुजनांच्या पोरांना शिकायचं तर आधी शहरात डोकं टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी हवी, हे महाराजांनी ओळखलं होतं. म्हणून 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहिली: मराठ्यांचं, जैनांचं, पुढे मुसलमानांचं, आणि 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ज्याची त्याची जात, ज्याचं त्याचं छप्पर. त्या काळात एवढं करायलाही छाती लागली. भाऊराव स्वतः कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहिलेले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि तिथून त्यांना बाहेर पडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. साताऱ्यात त्यांनी केलं ते याच्या पुढचं. छप्पर एक, चूल एक, पंगत एक.

वडील तिथे 1938 साली गेले. माण तालुक्यातल्या दुष्काळी गावातून, दोन दिवस चालत, अंगावर एक सदरा आणि पाठीला बाजरीचं गाठोडं. वय बारा. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, त्यांच्याइतकीच हुशार होती. तिला कुणी गाठोडं बांधून दिलं नाही. ही गोष्ट सांगताना तिचं नाव काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

पहिल्या रात्री वडील जेवले नाहीत. शेजारी महाराचा मुलगा बसला होता, पलीकडे मुलाण्याचा. आईनं घरून निघताना बजावलं होतं, कुणाच्या हातचं खाऊ नकोस. ते तसेच उठले आणि घोंगडीत शिरले. कुणी रागावलं नाही, कुणी समजूतही घातली नाही. दुसऱ्या दिवशीही अर्धपोटीच राहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे दळणाची पाळी आली आणि जोडीला आला तोच शेजारी बसलेला महाराचा मुलगा.

जातं ज्यांनी ओढलंय त्यांना हे सांगायला नको. मोठं जातं एकट्याच्यानं ओढत नाही. समोरासमोर बसायचं, खुंट्याला दोघांनी हात घालायचा. खुंटा वीतभर. एकाच्या मुठीवर दुसऱ्याची मूठ येतेच. एक ओढतो तेव्हा दुसऱ्यानं ढिलं सोडायचं, नाहीतर खांदा भरून येतो. तासाभरात वडिलांना त्या मुलाच्या हाताची लय कळली. पायलीभर पीठ पडलं. त्या पिठाची भाकरी त्यांनी दुपारी खाल्ली. वडील म्हणायचे, "विचार करून नाही खाल्ली. भूक लागली होती, आणि पीठ माझंही होतं."

मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. मूल्यशिक्षणाचे तास घेतले, फळ्यावर समता लिहिली, श्रमप्रतिष्ठा लिहिली, मुलांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. त्या तासांना मी मनापासून उभी राहायचे. तरी सांगते, त्या वीतभर खुंट्यानं वडिलांना जे शिकवलं ते माझ्या खडूला साधलं नाही. बोर्डिंगात नीतीचा पाठ नव्हता. पाणी भरायचं, झाडायचं, लाकडं फोडायची, पाळीनं स्वयंपाक करायचा. स्वावलंबन हे संस्थेचं ब्रीद, आणि ते भिंतीवर वाचण्याआधी अंगावर यायचं. सगळ्यांना झेपायचं असंही नाही. काही पोरं महिन्याभरात पळून जात.

भाऊरावांना सगळे अण्णा म्हणत. पांढरी दाढी, अंगावर खादी, हातात काठी. तरुणपणी ते किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी हिंडलेले, त्यामुळे कुणबिकीतल्या पोराला काय पेलतं याचा अंदाज त्यांना असावा. लक्ष्मीबाईंना, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींना, वडिलांनी पाहिलं नाही. त्या 1930 सालीच गेल्या. पण मोठी मुलं धाकट्यांना सांगत: कोठीतलं धान्य संपलं तेव्हा वहिनींनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही विकलं. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ती बाई सगळ्या जातींच्या पोरांना रांधून वाढत होती. मला अण्णांपेक्षा त्यांचं मोल जास्त वाटतं. अण्णांना निदान सभेत बोलता तरी येत होतं.

पुढे संस्था वाढली. 1935 साली शिक्षक घडवणारं कॉलेज निघालं, 1947 साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज, तिथे 'कमवा आणि शिका'. वडील शिक्षक झाले. अण्णा 9 मे 1959 रोजी गेले तेव्हा वडील शाळेतून घरी आले आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

दळणाचा तो जोडीदार दर दिवाळीला आमच्या गावी यायचा. पहिल्या वर्षी आजीनं त्याचं ताट ओसरीवर ठेवलं आणि वडिलांचं आत, चुलीपाशी. वडिलांनी आपलं ताट उचललं आणि ओसरीवर जाऊन त्याच्या शेजारी बसले. आजी रडली, दोन दिवस बोलली नाही. वडिलांनी तिला उपदेश केला नाही, उलट उत्तरही दिलं नाही. पुढच्या दिवाळीला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. मला आठवतंय तेव्हा ते दोघं चाळिशीकडे आलेले, ओसरीवर मांडीला मांडी लावून जेवायचे, आणि जेवण झालं की दोघंही आपापलं ताट घेऊन आडावर जायचे.

आजी 1966 साली गेली. तोवर त्या मित्राचं ताट ओसरीच्या आत आलं नाही, आणि तो आला की वडिलांचंही नाही.