जुन्या चाकूचा जन्मदाखला

मंडळी, घरातल्या जुन्या पेटीत एखादा मिटता, गंजका चाकू सापडला, तर आपण पहिल्यांदा काय करतो? राख घेऊन खसाखसा घासतो. तेवढे मात्र करू नका! त्या घासण्यात चाकूचा जन्मदाखलाच पुसला जातो.

हा दाखला असतो पात्याच्या बुडाशी, मुठीलगत. थेंबभर तेल लावा, मऊ फडक्याने टिपा आणि भिंगातून पाहा. चांदणी व तिच्याशेजारी क्रूस दिसला, तर ती इंग्लंडातल्या शेफील्ड शहरच्या जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्याची खूण. मुकुट आणि 'व्ही. आर.' ही अक्षरे असली, तर चाकू बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला, म्हणजे १८३७ ते १९०१ मधला.

पण खुणेवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. नाव मोठे, तिथे नकलाही फार! जर्मनीतल्या झोलिंगेनचे काही कारखानदार आपल्या मालावर शेफील्डचे नाव ठोकीत. असल्या खोट्या छापांविरुद्ध १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटला कायदा करावा लागला. म्हणून नावाबरोबर धातूही पाहा. हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्डात न गंजणारे पोलाद तयार केले ते १९१३ साली. पाते तसल्या पोलादाचे आणि छाप राणीच्या काळचा, असे दिसले तर खुशाल शंका घ्या.

गुरुजी, बोरू तासायचा असा चाकू गावात कोणाकडे असेल, तर वर्गात आणून मुलांना दाखवा. बोटभर पोलादावरची अक्षरे वाचायला शिकलेले मूल उद्या ताम्रपटही जपून हाताळील.