फंक्शन छापलं तर काय दिसतं?

मागच्या वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांचं सी प्लस प्लसचं प्रॅक्टिकल माझ्याकडे होतं. विषय नेहमीचाच: युजरकडून आकडा घ्या आणि त्याचं फॅक्टोरियल छापा. एका मुलीने सीआऊटच्या ओळीत फंक्शनचं नाव लिहिलं, पण पुढे कंसात आकडा द्यायची विसरली. प्रोग्रॅम चालवला, ० टाकला, स्क्रीनवर १ आला. शून्याचं फॅक्टोरियल १ असतंच. तिने टिक केली आणि मी जर्नलवर सही करून टाकली. पुढच्या आठवड्यात ५ टाकल्यावरही १ आला, तेव्हा तिने मला बोलावून विचारलं, "सर, मग हा १ कुणाचा?"

प्रश्न अगदी रास्त होता. तो १ फॅक्टोरियलचा नव्हताच. सी प्लस प्लसमध्ये फंक्शन छापायची सोय नाही. नुसतं नाव लिहिलं की त्याचा पत्ता घेतला जातो, पत्ता रिकामा नाही म्हणून तो 'खरा' ठरतो, आणि 'खरं' छापलं की १ येतो. इशारे चालू केलेले नसतील तर कंपायलर गप्प बसतो. म्हणजे फंक्शनने काहीच काम केलेलं नाही, तरी उत्तरासारखं दिसणारं काहीतरी समोर आलं, आणि त्याला मीही फसलो.

त्या दिवशी मी याला बावळट चूक म्हणून सोडून दिलं. नंतर गाईडशी बोलताना सहज विषय निघाला, तर ते म्हणाले, "बाकीच्या भाषा अशा वेळी काय दाखवतात? आणि ते ठरवलं कोणी?" संशोधनाला विषय कुठून मिळतो असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. बघा, असाही मिळतो. माझा प्रबंध यावर नाही, पण पुढचे दोन महिने मी जुनी मॅन्युअल्स चाळण्यात घालवले.

सुरुवात लिस्पपासून करावी लागते. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत ही भाषा आखायला घेतली, १९६० मध्ये त्यांचा गाजलेला पेपर आला. तिथे हा प्रश्न जवळजवळ पडतच नव्हता, कारण फंक्शन म्हणजेसुद्धा एक यादीच: पहिला शब्द लॅम्डा, मग चलांची यादी, मग करायचं काम. यादी छापता येते, म्हणून फंक्शनही छापता येतं. जे लिहिलं तेच दिसतं. शिकणाऱ्याला याहून सोपं काय हवं?

१९६७ मध्ये वॉली फॉइरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो बनवली, ती लिस्पच्याच घरातली. तिथे मुलाने 'चौकोन' शिकवला की 'प्रिंट आऊट'ची आज्ञा देऊन त्याची व्याख्या 'टू'पासून 'एंड'पर्यंत पुन्हा बघता यायची. मात्र एक फरक लक्षात घ्या. व्याख्या बघण्यासाठी वेगळी आज्ञा होती. नुसतं नाव लिहिलं तर त्याचा अर्थ 'हे काम कर' असाच. मुलाचा गोंधळ व्हायला जागाच कमी.

मग लिस्पची सोपी वाट बिघडली कुठे? इथे जरा थांबू, कारण सगळी गंमत इथेच आहे.

समजा तुम्ही एक फंक्शन लिहिलंत जे आकडा घेतं आणि नवं फंक्शन परत देतं: ५ दिलात तर 'पाच मिळवणारं', १० दिलात तर 'दहा मिळवणारं'. आता ही दोन्ही छापा. मजकूर म्हणून दोन्हींत एकच ओळ आहे: 'एक्समध्ये एन मिळव'. एन किती, ते मजकुरात नाहीच! ते आजूबाजूच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे, म्हणजे फंक्शन जन्मलं तेव्हा कोणत्या नावाला कोणती किंमत होती त्या नोंदीत. काम वेगळं करणारी दोन फंक्शनं छापल्यावर एकसारखी दिसतात. लिस्प १.५ मध्येच या दुखण्यावर उपाय निघाला होता: फनार्ग नावाची यादी, जिच्यात फंक्शनबरोबर त्याचं एन्व्हायर्नमेंटही बांधलेलं असे. १९७५ मध्ये जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी स्कीम आणली आणि ही जोडी, म्हणजे क्लोजर, भाषेच्या मध्यभागी बसवली.

पण मग छापायचं काय? नुसता मजकूर छापला तर माहिती अपुरी. एन्व्हायर्नमेंटसकट छापावं तर ते भलंमोठं असतं. त्यात पुन्हा तेच फंक्शन असू शकतं, ज्याच्या आत तेच एन्व्हायर्नमेंट... छपाई संपणारच नाही. ॲबेल्सन आणि सस्मन यांच्या १९८५ च्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात, सगळे ज्याला सिक्प म्हणतात, चौथ्या प्रकरणात विद्यार्थ्याकडून स्कीमचाच इंटरप्रिटर लिहवून घेतात. तिथे युझर-प्रिंट नावाची छोटीशी प्रोसीजर आहे. ती चल दाखवते, मजकूर दाखवते, आणि एन्व्हायर्नमेंटच्या जागी फक्त एक खुणेचा शब्द ठेवते. कारणही लेखकांनी दिलंय: ते खूप लांब असू शकतं आणि त्यात चक्र असू शकतं. मी एमएस्सीला असताना ही प्रोसीजर न वाचताच पुढे गेलो होतो. तुम्ही तसं करू नका. पुस्तकातल्या अशा 'किरकोळ' ओळींत लेखकाला कुठे तडजोड करावी लागली ते सापडतं.

खुद्द एमआयटी स्कीमचा प्रॉम्प्ट तर मजकूरही दाखवत नाही. तो म्हणतो: कंपाउंड प्रोसीजर, एक लहानसा क्रमांक, आणि नाव असल्यास नाव. तेच फंक्शन पुन्हा छापलं की तोच क्रमांक. म्हणजे 'हे काय करतं' हे सांगायचं सोडून प्रॉम्प्ट 'हे मघाचंच आहे का' एवढंच सांगतो. पायथॉनही याच जातीची, फक्त तिथे नावापुढे मेमरीतला लांबलचक हेक्साडेसिमल पत्ता येतो, जो दर वेळी प्रोग्रॅम चालवल्यावर बदलू शकतो. नवशिक्याच्या दृष्टीने हा पत्ता निव्वळ त्रास आहे, हे माझं ठाम मत. जावास्क्रिप्ट उलट दिशेला गेली आणि मूळ मजकूरच देते. २०१९ च्या प्रमाणपत्रिकेने तर तो जसाच्या तसा द्यावा असं बंधन घातलं. पण पाच मिळवणारं आणि दहा मिळवणारं फंक्शन तिथे आजही सारखंच दिसतं.

एमएलच्या घराण्याने तिसराच रस्ता धरला: फंक्शनच्या जागी फक्त 'एफएन' आणि शेजारी त्याचा टाइप, पूर्णांकातून पूर्णांकाकडे. आत काय ते सांगत नाही, पण काय घेतं आणि काय देतं ते सांगतं. मला हे सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

हास्केलची गोष्ट जास्त बोलकी आहे. शिकवण्यासाठी योग्य असावी हे या भाषेचं उद्दिष्ट पहिल्यापासून, म्हणजे १९९० पासून, लिहिलेलं होतं. सुरुवातीच्या आवृत्त्यांत फंक्शन छापलं की दुहेरी टोकदार कंसांत 'फंक्शन' एवढाच शब्द यायचा. हास्केल ९८ मध्ये ती सोय प्रेल्यूडमधून काढून टाकली. आता फंक्शन छापायला गेलात तर टाइपची चूक मिळते, प्रोग्रॅम चालतच नाही. मजकूर का छापत नाहीत, याचं कारण गणिती आहे. 'एक्स अधिक एक्स' आणि 'दोन गुणिले एक्स' ही हास्केलच्या लेखी एकच फंक्शनं, एकाच्या जागी दुसरं ठेवता आलं पाहिजे. मजकूर छापला तर दोन्ही वेगळी दिसतील आणि तो करार मोडेल. बरं, दोन फंक्शनं समान आहेत का हे कोणत्याही दोन फंक्शनांसाठी ठरवून देईल अशी पद्धतच असू शकत नाही. मग उरतं काय, तर काहीच न सांगणारा ठोकळा शब्द किंवा स्पष्ट नकार. त्यांनी नकार निवडला. आमच्या प्रॅक्टिकलमध्ये हास्केल असती तर ती मुलगी पहिल्याच मिनिटाला अडली असती आणि माझी सही वाचली असती.

पण अडणं म्हणजे समजणं नव्हे. १९९५ च्या सुमाराला मथायस फेलायझन आणि त्यांच्या गटाने ड्रस्कीमवर काम सुरू केलं (आजचं ड्ररॅकेट). त्यांनी एकच भाषा न देता पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीवर फंक्शन ही किंमतच नाही. नुसतं नाव लिहिलं तर निरोप येतो की इथे फंक्शन कॉल अपेक्षित होता, पण नावाआधी उघडा कंस नाही. पुढे लॅम्डा शिकवून झाल्यावर तेच वातावरण बेनाव फंक्शनही छापतं: लॅम्डा, कंसात ए१ असं कामचलाऊ चल, आणि मजकुराच्या जागी तीन टिंबं. किती चल घेतं ते कळतं, बाकीचं झाकलेलं. विद्यार्थी कुठे पोचलाय त्यानुसार उत्तर बदलतं, ही कल्पना मला आधी कुठे दिसली नव्हती.

एवढं करूनही त्यांचं समाधान झालं नाही, ही गोष्ट मला जास्त आवडते. २०११ मध्ये मार्सो, फिसलर आणि कृष्णमूर्ती यांनी याच वातावरणातले चुकांचे निरोप विद्यार्थी कसे वाचतात ते तपासलं, आणि निरोपांतले शब्दच अनेकांना नीट कळत नाहीत असं आढळलं. पुढच्या वेळी विषय शोधत असाल तर हे दोन्ही पेपर वाचा. स्वतःच्याच वस्तूवर टीका कशी करायची ते कळेल.

त्या मुलीला मी हा सगळा इतिहास सांगितला नाही. दोघांनी मिळून इशारे चालू केले, तेच पुन्हा कंपाइल केलं, आणि या वेळी कंपायलर बोलला. तिने तो इशारा वाचला आणि म्हणाली, "पण सर, हे तर पत्त्याबद्दल बोलतंय. मी कुठे पत्ता विचारला?" जर्नलमधली ती सही मी खोडली आणि खाली आजची तारीख घालून पुन्हा केली.